कुत्रं ‘म्हातारं झालंय’ की आजारी आहे? उत्तर त्याच्या रक्तात सापडतं

कुत्रं गुबगुबीत झालं की घरचे कौतुकानं म्हणतात, “खाऊन-पिऊन सुखी आहे.” तेच कुत्रं काही वर्षांनी दिवसभर पडून राहायला लागलं, जिना चढताना थांबायला लागलं की म्हणतात, “आता वय झालं त्याचं.”

दोन्ही वाक्यं प्रेमातूनच येतात. पण बरे होण्यासारखे आजारही याच दोन वाक्यांमागे लपून राहतात. कारण म्हातारपण हा आजार नाही. नुसत्या वयामुळे कुत्र्याच्या हिरड्या पांढऱ्या पडत नाहीत, नाकातून रक्त येत नाही आणि चार पावलं चालून धापही लागत नाही. असं काही दिसलं तर त्यामागे कारण असतं आणि ते बऱ्याचदा रक्ताच्या साध्या तपासणीत कळतं.

सोलापूर जिल्ह्यात अक्कलकोटहून दुधनीकडे जाताना मैंदर्गी लागतं. कर्नाटकच्या सीमेजवळचं हे छोटं नगरपरिषदेचं गाव. अशा गावात गायी-म्हशी, शेळ्यांच्या उपचारांची सवय लोकांना असते. कुत्र्याचं रक्त तपासायचं असतं, हे मात्र फारसं कुणाच्या डोक्यात येत नाही. म्हणून ही सगळी भानगड नीट समजून घेऊ.

रक्तात नेमकं काय बघतात?

कुत्र्याच्या शरीरात दर किलो वजनामागे साधारण ८० ते ९० मिली रक्त असतं. म्हणजे १० किलोच्या कुत्र्यात जेमतेम ८०० ते ९०० मिली. त्यातल्या लाल पेशी फुप्फुसातून ऑक्सिजन घेऊन सगळ्या शरीराला पोहोचवतात. पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात. प्लेटलेट रक्त गोठवायला मदत करतात.

सीबीसी नावाच्या तपासणीत या तिन्हींची मोजदाद होते. त्यात तीन आकडे महत्त्वाचे.

पहिला पीसीव्ही, म्हणजे एकूण रक्तात लाल पेशींचा वाटा किती. मोठ्या कुत्र्यात तो साधारण ३७ ते ५५ टक्के असतो. दुसरा हिमोग्लोबिन, साधारण १२ ते १८ ग्रॅम. तिसरा प्लेटलेट, साधारण २ ते ५ लाख. प्रत्येक लॅबनुसार हे आकडे थोडे मागेपुढे होतात.

कुत्र्याची लाल पेशी साधारण ११० ते १२० दिवस जगते. त्यानंतर जुनी पेशी मोडीत निघते आणि हाडांतल्या मगजात नवी तयार होते. रक्त कमी होण्याची कारणं तीनच प्रकारची असतात. रक्त कुठून तरी वाहून जातंय, पेशी वेळेआधी फुटतायत किंवा नव्या पेशी पुरेशा तयार होत नाहीत. डॉक्टर रिपोर्ट बघून आधी हेच शोधतात की यातलं नेमकं काय घडतंय.

लठ्ठपणा रक्तात कसा दिसतो?

लठ्ठ कुत्र्याच्या रक्तात सगळ्यात आधी बदलतात ते चरबीचे आकडे. ट्रायग्लिसराइड आणि कोलेस्टेरॉल वाढतं. चरबी फार वाढली तर नळीतलं रक्त थोडा वेळ ठेवल्यावर वरचा द्रव पिवळसर, पारदर्शक न दिसता दुधासारखा दिसतो.

यात एक गंमत आहे आणि ती धोक्याचीही आहे. अशा दुधाळ रक्तात मशीन फसतं आणि हिमोग्लोबिनचा आकडा खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतं. म्हणजे कुत्र्याला रक्त कमी असूनही कागदावर सगळं आलबेल. म्हणूनच रक्त देण्याआधी कुत्र्याला १०-१२ तास उपाशी ठेवायला सांगतात (पाणी चालतं). डायबेटिसवर इन्सुलिन चालू असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशी ठेवू नये.

माणसात कोलेस्टेरॉल वाढलं की हार्ट अटॅकची भीती असते. कुत्र्यांमध्ये रक्तवाहिन्या तुंबून हार्ट अटॅक येणं फार दुर्मीळ आहे. त्यांना वेगळा धोका असतो, तो स्वादुपिंडाला सूज येण्याचा. आधीच लठ्ठ असलेल्या कुत्र्याला लग्नाघरचं तेलकट मटण मिळालं आणि दुसऱ्या दिवशी उलट्या, पोटदुखी सुरू झाली, तर ते साधं अपचन नसूही शकतं.

शिवाय चरबी नुसती साठून राहत नाही. तिच्यातून काही रसायनं रक्तात उतरतात, त्यामुळे इन्सुलिनचं काम मंदावतं.

वजनाचा आयुष्यावर काय परिणाम होतो, याचा एक मोठा पुरावा अमेरिकेतला आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्युरिनाच्या अभ्यासात ४८ लॅब्रेडॉर कुत्र्यांच्या जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं दिलं आणि दोघांनाही आयुष्यभर पाहिलं. जास्त खाणाऱ्या गटाचं मध्यम आयुष्य ११.२ वर्षं भरलं, तर बेतानं खाणाऱ्यांचं १३ वर्षं. जवळपास दोन वर्षांचा फरक. बेतानं खाणाऱ्या कुत्र्यांच्या रक्तातली साखर, इन्सुलिन आणि ट्रायग्लिसराइडही कमी होतं.

लठ्ठपणाचं कारण खाणं नसेल तर?

काही वेळा कुत्रं फारसं खात नाही, तरी फुगत जातं. अशा वेळी थायरॉइडची शंका येते. थायरॉइड मंदावला की कुत्रं सुस्तावतं, केस विरळ होतात, वजन वाढतं. रक्तात कोलेस्टेरॉल चढतं आणि बऱ्याच कुत्र्यांत रक्तही थोडं कमी होतं.

दुसरा आजार कुशिंग. यात शरीर कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक जादा बनवतं. कुत्र्याला सारखी भूक आणि तहान लागते, लघवी वाढते, पोट मडक्यासारखं सुटतं आणि पाय बारीक होतात. घरच्यांना वाटतं, म्हातारपणी खादाड झालंय.

दोन्ही आजार मध्यम वयाच्या आणि वयस्कर कुत्र्यांत जास्त दिसतात आणि दोन्हींवर औषधं आहेत.

वय वाढलं की रक्त कमी होतंच का?

नाही. वयानुसार आकडे थोडे खाली येऊ शकतात, पण पीसीव्ही ३७ च्या बरंच खाली गेलं तर ते वयाच्या खात्यात टाकून चालत नाही. वयस्कर कुत्र्यात रक्त कमी होण्याची नेहमीची कारणं अशी:

किडनी. नव्या लाल पेशी बनवा, असा निरोप मगजाला किडनीतून जातो. एरिथ्रोपोएटिन हे त्या संप्रेरकाचं नाव. किडनी थकली की निरोप कमी जातो आणि रक्त हळूहळू उतरतं. किडनीसाठी क्रिएटिनिन तपासतात, पण हा आकडा उशिरा बोलतो. किडनीचं साधारण ७५ टक्के काम बंद पडेपर्यंत तो नॉर्मल दिसू शकतो. त्यातून म्हाताऱ्या कुत्र्याचे स्नायू झिजलेले असतात आणि क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, त्यामुळे आकडा आणखी कमी दिसतो. म्हणून सोबत लघवीची तपासणी लागते. एसडीएमए नावाची रक्ततपासणी किडनीचा बिघाड त्याआधी पकडू शकते.

प्लीहेची गाठ. वयस्कर, मोठ्या जातीच्या कुत्र्यांत प्लीहेवर गाठ येऊन ती अचानक फुटू शकते. सकाळी बरं असलेलं कुत्रं दुपारी कोसळतं, हिरड्या पांढऱ्याफटक होतात, पोट फुगतं. ही सरळसरळ इमर्जन्सी आहे.

माणसाची पेनकिलर. लठ्ठपणा आणि म्हातारपण इथे एकत्र येतं. जादा वजनानं सांधे झिजतात, कुत्रं लंगडतं आणि घरातली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी भाकरीत घालून दिली जाते. या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात अल्सर होतो, आतल्या आत रक्त वाहतं, शी डांबरासारखी काळी होते आणि किडनीलाही फटका बसतो. पॅरासिटामॉलचा डोस जास्त झाला तर लाल पेशींचीच नासाडी होते. दुखणं सांध्याचं होतं, पण कुत्रं जातं रक्तस्रावानं.

गोचीड: तरुणपणी चावलेली, म्हातारपणी भोवलेली

आपल्याकडे कुत्र्याचं रक्त कमी होण्याचं कारण शोधताना गोचीड विसरून चालत नाही. गोचीड रक्त पिते तेवढ्यावर थांबत नाही, ती चावताना रक्तातले परजीवीही सोडून जाते. भारताचा या आजारांशी जुना संबंध आहे. लाल पेशी फोडणारा बबेसिया गिब्सोनी हा परजीवी १९१० मध्ये डब्ल्यू. एस. पॅटन यांनी पहिल्यांदा नोंदवला, तो मद्रासच्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तात. तोच पुढे कोल्ह्याच्या रक्तातही सापडला.

दुसरा शत्रू एहर्लिकिया. हा जिवाणू पांढऱ्या पेशींत घर करतो. सुरुवातीला ताप येतो आणि जातो, कुत्रं बरं झाल्यासारखं वाटतं. मग महिने किंवा वर्षं तो गप्प बसतो आणि पुढे मगजावर हल्ला करतो. प्लेटलेट घसरतात, नाकातून रक्त येतं, पोटावर लाल-जांभळे ठिपके उठतात. तोवर कुत्रं आठ-नऊ वर्षांचं झालेलं असतं आणि घरचे म्हणतात, वय झालं.

एहर्लिकियावर औषध आहे, पण कोर्स साधारण चार आठवड्यांचा असतो. दोन दिवसांत ताप उतरला म्हणून गोळ्या थांबवल्या, तर आजार परत फिरतो.

सोलापूरकडच्या कोरड्या उन्हाळ्यात गोचीड मरते असं समजू नका. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड भिंतीच्या भेगांत आणि गोठ्याच्या कोपऱ्यांत आरामात राहते. म्हणून नुसत्या कुत्र्यावर औषध मारून भागत नाही, त्याची बसायची जागाही साफ करावी लागते. गायी-म्हशींसाठी आणलेलं गोचिडाचं औषध अंदाजानं कुत्र्याला लावणं मात्र जिवावर बेतू शकतं.

कारवानी आणि मुधोळ: यांचा रिपोर्ट वेगळ्या नजरेनं वाचावा

सोलापूर, विजापूर, बागलकोट हा सगळा पट्टा कारवानी आणि मुधोळ या शिकारी कुत्र्यांचा. मुधोळ संस्थानचे मालोजीराजे घोरपडे यांनी ही कुत्री इंग्लंडचे राजे पाचवे जॉर्ज यांना भेट दिली होती. २००५ मध्ये टपाल खात्यानं मुधोळवर तिकीट काढलं आणि पुढे भारतीय लष्करानंही ही जात आजमावली.

यांची ठेवण लांब पाय, खोल छाती, आत गेलेलं पोट अशी. एक-दोन बरगड्या दिसणं त्यांच्यात अगदी नॉर्मल आहे. पण बघणाऱ्याला वाटतं, कुत्रं उपाशी आहे. मग भाकरी वाढते, पळणं कमी होतं आणि हळूहळू कारवानीचा लॅब्रेडॉर होतो.

रक्ताचीही अशीच गोष्ट आहे. पळणाऱ्या कुत्र्यांपैकी सगळ्यात जास्त अभ्यास ग्रेहाउंडवर झालाय. त्याचं पीसीव्ही ५० ते ६० च्या घरात असणं नॉर्मल असतं. प्लेटलेट आणि थायरॉइडचे आकडे मात्र इतर जातींपेक्षा कमी असतात. म्हणजे ग्रेहाउंडचं पीसीव्ही ४० आलं तर लॅबच्या कागदावर ते नॉर्मल दिसेल, पण त्या कुत्र्यासाठी ती घसरण असू शकते. उलट कमी प्लेटलेट बघून नसलेल्या गोचीडतापाचा उपचार सुरू होऊ शकतो.

मुधोळ आणि कारवानीही याच धाटणीची कुत्री. म्हणून सोपा उपाय म्हणजे कुत्रं दोन-तीन वर्षांचं आणि ठणठणीत असताना एकदा रक्त तपासून रिपोर्ट जपून ठेवायचा. म्हातारपणी त्याच्याशी तुलना करायची. लॅबच्या सर्वसाधारण आकड्यांपेक्षा कुत्र्याचा स्वतःचा जुना आकडा जास्त खरं सांगतो. हे कुठल्याही जातीला लागू आहे.

रक्त वाढवायचे घरगुती उपाय? जरा थांबा

कांदा आणि लसूण कुत्र्याच्या लाल पेशी फोडतात. कच्चा असो, शिजवलेला असो की चटणीत वाटलेला, परिणाम तोच. शरीराच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त कांदा पोटात गेला तर त्रास होऊ शकतो. म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला ५० ग्रॅम, एक छोटा कांदा. त्रास लगेच दिसत नाही. तीन-चार दिवसांनी लघवी लालसर-तपकिरी होते, तोवर कांद्याचा संबंध कुणाच्या लक्षातही येत नाही. उरलेला रस्सा आणि लसणाची शेंगा चटणी लावलेली भाकरी कुत्र्यापासून लांबच ठेवलेली बरी.

दुसरा उपाय भिजवलेल्या काळ्या मनुकांचा. माणसाला रक्त वाढायला मनुका देतात, म्हणून अशक्त कुत्र्यालाही भरवल्या जातात. पण द्राक्षं, मनुका, बेदाणे यांनी कुत्र्याची किडनी अचानक बंद पडू शकते. किती खाल्ल्यावर त्रास होईल, हे प्रत्येक कुत्र्यात वेगळं असतं. त्यामुळे थोड्या दिल्या तर चालतील, असा हिशोब करू नये.

माणसाच्या लोहाच्या गोळ्याही अंदाजानं नकोत. कुत्र्यांत रक्त कमी होण्याचं कारण दरवेळी लोहाची कमतरता नसतं आणि जादा लोह विषारी ठरतं.

मैंदर्गीत राहून तपासणी कशी करायची?

आधी घरच्या घरी दोन गोष्टी बघता येतात.

पहिली, हिरड्या. ओठ वर करून बघा. गुलाबी असतील तर ठीक. पांढरट म्हणजे रक्त कमी, पिवळट म्हणजे कावीळ. बोटानं दाबून सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत रंग परत यायला हवा. हिरड्या मुळातच काळ्या असतील तर डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघा.

दुसरी, बरगड्या. हाताचा पंजा उघडा धरून मागच्या बाजूनं बोट फिरवा, बरगड्या तशा लागायला हव्यात. मुठीच्या टोकदार हाडांसारख्या लागल्या तर कुत्रं बारीक. पंजाच्या गादीसारखं मऊ लागलं आणि बरगड्या सापडल्याच नाहीत, तर लठ्ठ.

पुढचं काम डॉक्टरांचं. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कुत्रं दाखवता येतं आणि १९६२ या टोल फ्री नंबरवर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करता येते. अवघड केस असेल तर उदगीर, परभणी, शिरवळ किंवा मुंबईत परळ इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने आहेत.

रक्त अक्कलकोट किंवा सोलापूरला पाठवायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा. सीबीसीचं रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतात. नळी थंड डब्यात ठेवा, पण बर्फाला थेट टेकवू नका. रक्त गोठलं की पेशी फुटतात. त्याच दिवशी लॅबला पोहोचेल असं बघा. डॉक्टरांना रक्त काढतानाच काचपट्टीवर एक थेंब पसरून ठेवायची विनंती करा, कारण बबेसियासारखे परजीवी आणि प्लेटलेटच्या गुठळ्या सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात. माणसांच्या लॅबमध्ये तपासणी केली तर रिपोर्टवर छापलेली नॉर्मल रेंज माणसांची असते. ती बघून घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका.

कधी तपासायचं? मोठ्या जातीचं कुत्रं सात वर्षांचं आणि छोट्या जातीचं दहा वर्षांचं झालं की वर्षातून एक-दोनदा. लठ्ठ असेल तर त्याआधीच.

वजन उतरवायचा हिशोब

नसबंदी झालेल्या, दिवसभर ओट्यावर बसणाऱ्या १० किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण ५०० ते ६०० कॅलरी पुरतात. ज्वारीच्या दोन भाकऱ्यांत साधारण ५००, कपभर म्हशीच्या दुधात २००, पाच ग्लुकोज बिस्किटांत १००. झाल्या ८००. “फार काही खात नाही हो” म्हणतात, ते हे.

उपाशी ठेवणं हा उपाय नाही. आधी बिस्किटं बंद करा, मग दूध कमी करा, मग भाकरीचा काही भाग काढून त्याजागी उकडलेलं अंडं किंवा चिकन द्या. किडनीचा त्रास असेल तर हा बदल डॉक्टरांना विचारूनच. आठवड्याला वजनाच्या एक ते दोन टक्के घट पुरेशी आहे. म्हणजे २० किलोच्या कुत्र्याचं आठवड्याला २०० ते ४०० ग्रॅम.

आणि एप्रिल-मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी पार करतो, तेव्हा लठ्ठ कुत्र्याला भर उन्हात पळवून बारीक करायला जाऊ नका. त्याला उष्माघात लवकर होतो आणि उष्माघातात रक्त गोठण्याची यंत्रणाच कोलमडू शकते. फिरवायचं ते सूर्योदयाआधी किंवा अंधार पडल्यावर.

या गोष्टी दिसल्या तर वाट बघू नका

पांढऱ्या किंवा पिवळ्या हिरड्या, नाकातून रक्त, काळी शी, लालसर-तपकिरी लघवी, पोटावर जांभळे ठिपके, अचानक कोसळणं. यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रक्त फार कमी झालं असेल तर दुसऱ्या कुत्र्याचं रक्त चढवावं लागतं. त्यासाठी एक ते आठ वर्षांचा, २५ किलोच्या वरचा, लसी घेतलेला आणि गोचीडताप नसलेला निरोगी कुत्रा लागतो. आयत्या वेळी असा दाता मिळणं सोपं नसतं. म्हणून लवकर पोहोचणं महत्त्वाचं.

कुत्र्याला आपलं दुखणं सांगता येत नाही आणि “वय झालं” हे निदान कुठल्याच लॅबच्या रिपोर्टवर छापून येत नाही. त्यामुळे पुढच्या वेळी घरात कुणी हे वाक्य म्हणालं, तर आधी त्याच्या हिरड्यांचा रंग बघा.